फेरीतला सोंगाड्या

पहिल्या फेरीत ती नापास झाली, कारण तिने विश्वास ठेवला. दुसऱ्या फेरीत नापास झाली, कारण तिने माणूस हरवला. आता तिसरी फेरी होती, आणि चौथी कुणालाच मिळत नसे. अभयारण्याचा गाईड व्हायचं तर परीक्षेच्या तीन फेऱ्या, त्यात जमलं तर बिल्ला, नाहीतर आपलं आधीचं काम भलं.

तिचं आधीचं काम म्हणजे फाटकाजवळची तिकीट खिडकी. अकरा वर्षं ती त्या खिडकीमागे बसली होती. सगळे तिला तिकीटबाई म्हणत, इतके की कार्यालयातल्या नव्या कारकुनाने एकदा हजेरीतही तसंच लिहिलं होतं. काचेला हात जाईल एवढं भोक होतं. त्यातून हात येत आणि हातांच्या मागून तेच दोन प्रश्न येत: आत काय बघायला मिळतं, आणि स्वच्छतागृह कुठंय. दुसऱ्याचं उत्तर द्यायची तिला परवानगी होती. पहिल्याचं उत्तर गाईड देईल, असं तिने सांगायचं असे. पाणकोंबडी कुठल्या लव्हाळ्यात बसलीय, खंड्या या आठवड्यात कुठल्या फांदीवरून सूर मारतोय, हे सगळं तिला ठाऊक असे, आणि तिने तोंड मिटून सुटे पैसे द्यायचे.

म्हणून तिने गाईडच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. कार्यालयामागच्या पत्र्याच्या खोलीत वर्ग भरत. भिंतीला पक्ष्यांचे तक्ते, काचेच्या कपाटात पेंढा भरलेलं एक घुबड, त्याचा एक डोळा पडलेला. लेखी परीक्षेत ती पहिली आली. मास्तरांनी निकाल वाचला तो एखाद्याला ताप आल्याचं सांगावं तसा.

"पक्षी तुम्हाला येतात, बाई," ते म्हणाले. "पण आपल्याला पक्ष्यांना फिरवून आणायचं नाही. माणसांना फिरवून आणायचंय. माणसं येतात का?"

मास्तरांनी सबंध आयुष्य पाणथळीत घालवलं होतं आणि आता ते गाईड घडवत. त्यांच्या परीक्षेची एक पद्धत होती. फेरीत पाच-सहा पाहुणे असत, खरेखुरे, तिकीट काढून आलेले. त्यांतला एक मात्र सोंगाड्या असे. कुणीतरी निवृत्त गाईड पाहुणा बनून यायचा आणि फेरीत काहीतरी घोळ घालायचा. पाय मुरगळायचा, वाट सोडून पळायचा, भांडण उकरून काढायचा. उमेदवाराने तो घोळ निस्तरायचा आणि फेरी पुरी करायची. परीक्षक मास्तरच. ते सगळ्यांच्या मागून चालत आणि फेरी संपेपर्यंत एक अक्षर बोलत नसत. सोंगाड्या कोण आणि तो काय करणार, हे कारकून परस्पर ठरवी. मास्तरांनाही ते सांगत नसत, म्हणजे त्यांचं माप कुणाकडे झुकायला नको.

पहिल्या फेरीत एका भल्या गृहस्थाचा पाय मुरगळला. तिकीटबाईने त्याला आधार देऊन बसवला, पायाला पट्टी बांधली, वॉकीटॉकीवरून गाडी मागवली, फेरी रद्द केली आणि बाकीच्यांची माफी मागितली. गाडी आली तसा तो गृहस्थ उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "पट्टी छान बांधता हं तुम्ही."

"घोटा सुजलाय का ते पाहिलंत?" नंतर मास्तरांनी विचारलं.

"तो कळवळत होता."

"कळवळायला काय, मीही कळवळतो. पाहिलंत का?"

तिने पाहिलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत एक बाई झुडपामागे जाऊन बसल्या आणि तिकीटबाई पाणबगळ्याबद्दल बोलण्यात इतकी रंगली की परत फाटकाशी येईपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी मास्तर नुसते तिच्याकडे बघून झुडपाच्या दिशेने गेले.

तिच्याबरोबरचा एक पोरगेला उमेदवार पहिल्याच झटक्यात पास झाला होता. तो पक्ष्यांची शीळ हुबेहूब काढी, म्हणून त्याला सगळे शिट्टी म्हणत. पक्षी ओळखण्यात तो यथातथाच होता, आणि ही गोष्ट तिकीटबाईला आतून पोखरत असे. पण पोरगा मनाने चांगला.

"ताई, तुम्ही सोंग निस्तरायला जाता, तिथंच फसता," त्याने तिला चहाच्या टपरीवर सांगितलं. "आधी सोंगाड्या ओळखायचा. एकदा ओळखला की निम्मं काम झालं."

"आणि ओळखायचा कसा? कपाळावर लिहिलेलं असतं?"

"बुटांवर. पाहुणे नवे बूट घालून येतात, नाहीतर चपला. सोंगाडे सगळे जुने गाईड. त्यांचे बूट झिजलेले, आणि लेस बांधून टोकं आत खोचलेली, काट्याकुट्यात अडकू नयेत म्हणून. ही सवय जन्मात जात नाही. मी त्याच्यावरूनच ओळखला."

घरी तिने ही गोष्ट सांगितली आणि चूक केली. नवरा शाळेची बस चालवायचा. रोज पन्नास पोरांच्या सोंगांत दिवस काढलेला माणूस, त्याला हे फारच आवडलं. दुसऱ्या दिवसापासून घरात तालमी सुरू झाल्या. दाढी करता करता तो छाती धरून बसे. मुलगी कॉलेजला जाता जाता दारात कोसळे आणि साप, साप म्हणून कुजबुजे. तिकीटबाई कढईखालचा गॅस बंद करून धावत यायची, नाडी बघायची, डोळ्याची पापणी वर करायची.

"बाबा, तुम्ही नापास," मुलगी एकदा म्हणाली. "पडायच्या आधी चष्मा काढून टेबलावर ठेवलात."

"नवीन आहे तो."

"हार्ट अटॅक आलेला माणूस चष्मा सांभाळतो होय?"

नणंद सोफ्यावर बसून हे सगळं बघे. तिकीटबाई प्रशिक्षणाला गेल्यापासून खिडकीवर तात्पुरती तीच बसत होती, आणि तिला ते काम मानवलं होतं. "बाई ग, एकदाची पास हो," ती म्हणे. "कारकून म्हणालाय, तू सुटलीस की ती जागा मला पक्की. नाहीतर मी परत घरी, आणि तू परत भोकामागे. दोघींचंही वाटोळं."

"ताई, मी मुद्दाम नापास होते असं वाटतं का तुम्हाला?"

"मुद्दाम नाही ग. पण तू फार मनावर घेतेस. माणूस पडला तर पडू दे की जरा."

तालमींचा परिणाम एवढा झाला की तिला सोंग कळायला लागलं. सोंग करणारा आधी जागा बघतो. कण्हता कण्हता एका डोळ्याने तुमच्याकडे पाहतो. तुम्ही दुसरीकडे बघितलंत की त्याचं कण्हणं थांबतं. हे तिने इतकं पक्कं केलं की नवऱ्याने तोंड वेडंवाकडं करायच्या आत ती म्हणायची, "उठा, भाजी करपेल."

तिसऱ्या फेरीच्या दिवशी सकाळी गारठा होता आणि पाण्यावर धुक्याचा पातळ थर. फाटकापाशी पाच पाहुणे उभे होते. एक जोडपं, खांद्याला थर्मास आणि हातात संत्र्याच्या रसाची बाटली. एक फोटोवाला, त्याच्या कॅमेऱ्याची नळी हातभर लांब. एक आजी, छत्री घेतलेल्या, पायात कोऱ्या सँडल. आणि साठीचा एक उंच, हडकुळा गृहस्थ. तिकीटबाईने हसून सगळ्यांना नमस्कार केला आणि नमस्कार करता करता नजर खाली नेली. गृहस्थाचे बूट झिजून मऊ झाले होते. लेसची टोकं आत खोचलेली होती.

तिला इतकं हलकं वाटलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

फेरी छान सुरू झाली. तिने पाहुण्यांना उन्हाकडे पाठ करून उभं केलं आणि स्वतः उन्हात उभी राहिली. बोलायच्या आधी शेवटचा माणूस येऊन पोचायची वाट पाहिली. दर वळणावर पाच डोकी मोजली. मास्तर मागे हात बांधून चालत होते. फळ्यांच्या वाटेवर, दोन्ही बाजूंना लव्हाळी आणि खाली काळं पाणी, तिथं तिने सगळ्यांना थांबवलं आणि समोरच्या ओंडक्यावरचा राखी बगळा दाखवला.

"कसला बगळा?" हडकुळा गृहस्थ म्हणाला. "कावळा आहे तो."

जोडप्यातली बायको फिसकन हसली. तिकीटबाई मनात म्हणाली, झालं सुरू. भांडखोर पाहुणा, प्रकरण तिसरं. आवाज चढवायचा नाही, चूक म्हणायचं नाही, दुर्बीण द्यायची.

"ही घ्या दुर्बीण, काका. मान बघा, कशी वळवलीय."

"मला नको तुमची दुर्बीण. कावळ्याला बगळा म्हणायचे पैसे घेता काय? चालतंय काय हे? कधी संपणार हे?"

"आता खंड्या दिसला की आपण..."

"खंड्या न बिंड्या," तो म्हणाला आणि कठड्याला टेकला.

तिने स्मित केलं. स्मिताचाही सराव केलेला होता. बाकीच्यांना पुढच्या वळणावरचं घरटं दाखवलं आणि पुन्हा त्याच्याजवळ आली. तो कठड्याला धरून थोडा डुलत होता. सोंगाड्याने दुसरा अंक काढलेला दिसत होता. भांडण झालं, आता चक्कर. तिला राग आला. एका फेरीत एकच घोळ घालायचा असा संकेत होता, आणि तिच्याच वाट्याला दोन.

ती वाकली आणि हळूच म्हणाली, "काका, ओळखलंय मी तुम्हाला. झालं तेवढं पुष्कळ झालं. आता नीट चाला, मला फेरी पुरी करायचीय."

"काय ओळखलं?" तो म्हणाला. शब्द ओले होऊन आल्यासारखे आले.

"छान जमतंय. पण मी नाही फसायची."

तो फळ्यांवर बसला. तिने त्याला बसू दिलं. पाण्याची बाटली पुढे केली आणि त्याच्याकडे पाठ करून जोडप्याला लव्हाळ्यांची माहिती देऊ लागली. सोंगाड्याकडे पाठ केली की त्याचं सोंग उतरतं, हे ती घरी शिकली होती. बराच वेळ ती लव्हाळ्यांबद्दल बोलली. आपलं बोलणं आज किती सुरेख चाललंय, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

मग ती वळली. तो बाटलीचं झाकण उघडत होता. उलटं फिरवत होता. झाकण घट्ट होत होतं आणि तो आणखी जोर लावून त्याच बाजूला फिरवत होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. कुणाकडेच बघत नव्हता. त्याच्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती, आणि तिच्या स्वतःच्या तोंडातून अजून वाफ निघत होती.

तिने त्याच्या मानेला हात लावला. मान गार आणि चिकट.

"काका, तुम्हाला शुगर आहे का?"

"सकाळी... सुई घेतली," तो म्हणाला. "खायचं राहिलं. हिने डबा... डबा कुठंय?"

तिने जोडप्याच्या हातातून रसाची बाटली जवळजवळ हिसकावली. एका हाताने त्याची मान धरली आणि घोट घोट करत रस पाजला, प्रत्येक घोट गिळला का ते बघत. थोडा हनुवटीवरून ओघळला. तिने मागे वळून म्हटलं, "मास्तर, गाडी बोलवा."

मास्तर लव्हाळ्यांकडे बघत उभे राहिले.

"मास्तर, सोंग नाहीये हे. गाडी."

परीक्षक बोलत नाही. शिवाय हे वाक्य त्यांनी पूर्वी अनेक उमेदवारांच्या तोंडून ऐकलं होतं. पहिल्या फेरीत तिनेही अशीच खोट्या दुखण्याला गाडी मागवली होती. त्यांनी हाताची घडी बदलली.

तिकीटबाईला मानेखालचा हात काढता येत नव्हता, गृहस्थाचं डोकं त्यावर होतं. तिचा स्वतःचा वॉकीटॉकी पिशवीच्या तळाशी, तो जोडप्यातल्या नवऱ्याला सापडेना. फोटोवाला कॅमेरा खाली करून उभा होता आणि त्याला काय करावं कळत नव्हतं. तिच्या तोंडात एक शिवी आली, ती तिने गिळली, आणि ती गिळल्यामुळे डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात आजींनी छत्री मिटली. त्या फळ्यांवरून ताड ताड चालत मास्तरांपुढे गेल्या.

"अहो, आजची सोंगाडी मी आहे," त्या म्हणाल्या. "याला मी ओळखतही नाही. बोलवा ना गाडी."

मास्तरांचा चेहरा तिने इतक्या वर्षांत असा कधी पाहिला नव्हता. त्यांनी कमरेचा वॉकीटॉकी काढला आणि गाडी मागवली.

गाडी येईपर्यंत गृहस्थाच्या चेहऱ्यावर रंग परतला. तो जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाला होता, हे तेव्हा कळलं. उभी हयात बांधाबांधावरून साखळी ओढण्यात गेली होती, म्हणून ते बूट आणि त्या खोचलेल्या लेस.

"मी काही वेडंवाकडं बोललो का?" त्याने ओशाळून विचारलं.

"बगळ्याला कावळा म्हणालात."

"आणि तुम्ही?"

तिने त्याच्या मांडीवरची पाण्याची बाटली उचलली आणि पिशवीत घातली. गाडी त्याला दवाखान्यात घेऊन गेली. पाहुण्यांना शिट्टीच्या फेरीत जोडून दिलं.

पत्र्याच्या खोलीत मास्तर आणि ती समोरासमोर बसले. आजी दाराशी सँडल काढून पाय चोळत होत्या.

"मला फळ्यांवर घाबरून रडायचं होतं," त्या कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या. "या सँडल त्या सोंगासाठी घेतल्या. चावल्या बघा किती."



"फेरी अपुरी राहिली," मास्तर म्हणाले. "अपुरी म्हणजे नापास. पण आपण असं करू. सोंगाड्या आजारी पडला, तुम्ही त्याला रस दिलात, गाडी मागवलीत, पाहुणे सुखरूप परत आले. अभयारण्याच्या साहेबांना मी एवढंच कळवतो. एवढ्यावर पास करता येतं. उद्या बिल्ला."

"आणि तो सोंगाड्या नव्हता हे?"

"ते कशाला? माणूस बरा आहे. दवाखान्यातून फोन आला."

बिल्ला तिच्या डोळ्यांपुढे आला, हिरव्या कापडावर शिवलेला. नणंदेचं हसू आलं. आणि गार, चिकट मान आली.

"तुम्ही तिथे उभे होतात," ती म्हणाली. "मी दोनदा सांगितलं."

"आधी तुम्ही त्याच्याकडे पाठ करून उभ्या होतात, बाई," मास्तर शांतपणे म्हणाले. "ते मी कुणाला सांगत नाहीये."

हे खरं होतं, आणि म्हणूनच तिला जास्त संताप आला. तिला मास्तरांचा राग आला, शिट्टीच्या बुटांचा आला, घरातल्या तालमींचा आला. सगळ्यांत जास्त आपल्या त्या सुरेख बोलण्याचा आला. पुढच्या खेपेला दुसरा कुणी उमेदवार असेल, त्याला ही युक्ती शिट्टी शिकवेल, आणि मागे मास्तर हाताची घडी घालून उभे असतील.

"साहेबांना फोन लावा," ती म्हणाली. "झालं ते सगळं सांगा. माझ्यासमोर."

"त्यात तुमचं भलं नाही."

"लावा."

मास्तरांनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. ते सांगत गेले, नीट सांगितलं, स्वतःला वगळलं नाही. "परीक्षक म्हणून माझ्याही लक्षात आलं नाही," हे वाक्य बोलताना ते तिच्याकडे न बघता घुबडाकडे बघत होते. मग म्हणाले, "उमेदवाराला ओळखायला थोडा वेळ लागला."

"थोडा नाही, साहेब," तिकीटबाई टेबलावरून पुढे झुकून म्हणाली. "बराच. मी त्यांना सोंग छान जमतंय असं म्हणाले."

पलीकडे साहेबांनी घसा साफ केला. सोंगाड्यांचा प्रकार आजपासून बंद, ते म्हणाले. हे आधीच बंद व्हायला हवं होतं. दवाखान्याचा खर्च अभयारण्य देईल. आणि फेरीचं म्हणाल तर फेरी अपुरी आहे, नियमाप्रमाणे नापास. त्यांना वाईट वाटतं. फोन बंद झाला.

आजी दारातून म्हणाल्या, "हे काय न्यायाचं झालं?"

"नियम तोच आहे," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "मी आधीच म्हणालो होतो, बाई."

बाहेर फाटकाकडून कुणीतरी खिडकीवर विचारत होतं, आत काय बघायला मिळतं. नणंदेचा मोठा, मनमोकळा आवाज ऐकू आला: "ते गाईड सांगेल."

तिकीटबाई उठली नाही.

"ज्या परीक्षेची पद्धतच चूक म्हणून आत्ता बंद केली," ती सावकाश म्हणाली, "तिच्यातल्या माझ्या तिन्ही फेऱ्या मोजायच्या कशा?"

मास्तरांनी कपाळ चोळलं. "हे मला नका विचारू."

"मग कुणाला विचारू?"

"साहेबांना."

"लावा परत."

"बाई, आत्ताच ठेवलाय त्यांनी."

"म्हणूनच. अजून जागेवर असतील."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग फोन स्वतःकडे ओढला आणि नंबर दाबला. आजींनी सँडल बाजूला सारल्या आणि दाराशीच फतकल मारली. पलीकडे घंटी वाजत होती, आणि अजून कुणी उचलत नव्हतं.